लाल मोटारीचा पडदा

पुणे, मार्च १९६३

आदरणीय आयुबमामूंना सादिकचा पुण्याहून सलाम. तुमचा गुडघा आता उठता-बसता कुरकुरत नसेल. मामीजानला सलाम, आणि तिच्या शेळीलाही (मला बघितलं की डोकं खाली घालून येती ती). मी इथं खुशाल आहे, फक्त लग्न मोडायला आलंय.

त्याचं असं झालं. कुण्या साहेबानं विलायतेला जाताना आमच्या गॅरेजात टाकून दिलेली दोन सीटांची लाल मोटार म्या खपून चालू केली, हे तुम्हाला ठावं आहेच. तिला छत न्हाय, मागं जागा न्हाय, पण चढावरसुद्धा एस.टी.ला मागं टाकती. ईदला तीच घेऊन तेरला आलो. वाटलं, होणारे सासरे मुनवरचाचा खूश होतील. ते मोटारीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "ह्यात पडदा कुठं बांधायचा?" मामू, इंजिनातला एकेक नट मी अंधारात ओळखतो, पण ह्या सवालाला माझ्यापाशी पाना नव्हता.

तरी हौस दांडगी. सासूबाई फरिदाबींना ढोकीला माहेरी जायचं होतं. त्यांच्या सीटभोवती बांबू उभे केले, दोर ताणला आणि घरातली फुलाफुलांची चादर बांधली. तेरच्या वेशीपर्यंत सगळं लई शरीफ चाललं. मग सवयीनं पाय दाबला गेला. चादरीत वारं शिरलं, मोटार एका अंगाला ओढायला लागली. उसाचे गाडीवान ओरडत होते, "ओ पाव्हणं, तमाशाचा फड कुठं उतरलाय?" पुढच्या वळणावर बांबू निसटले आणि चादर उडून बांधावर चरणाऱ्या एका बैलाच्या शिंगात बसली. बैल उधळला, आणि चादर पांघरून आमच्या आधी ढोकीत पोचला. फरिदाबी दोन्ही हातांनी बुरखा धरून बसल्या होत्या. उतरल्या त्या मागं न बघता तडक माहेरच्या दारात शिरल्या.

संध्याकाळी मुनवरचाचांनी निकाल दिला. ही लाल बला जाऊन घरच्या बायकांना बसता येईल अशी मोटार आली तर गुलबानोशी निकाह, न्हाय तर तू मोकळा.

इथले एक डॉक्टर आपली चार दारांची मोटार बदल्यात द्यायला तयार आहेत (त्यांच्या पोराला लाल पाहिजे). नव्या धाटणीची आहे, गाद्या नव्या, मागं तीन बायका आणि एक तान्हं आरामात मावतंय, खिडक्यांना पडद्याच्या सळ्यासुद्धा आहेत. चालवून बघितली. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून फिरल्यासारखं वाटलं. रस्त्यात कुत्रंही मागं लागलं न्हाय. पण गुलबानोसाठी मी बैलगाडीसुद्धा हाकीन. तेव्हा बदलायचं पक्कं केलंय, मुनवरचाचांना तसं तुमच्या तोंडानं सांगा.

तुमचा भाचा,
सादिक

ता. क. खरं काम राहिलंच. तेरची आपली लालबीखाला डोळे दाखवायला इथं दवाखान्यात आली, तिच्याजवळ फरिदाबींचा निरोप होता. त्या दिवशी त्या रागावल्या नव्हत्या, बुरख्यात हसू दाबत होत्या. एवढं मोकळं रान आणि लांबवर तेरणा नदी उभ्या जन्मात बघितली न्हवती म्हणे. मोटार जायच्या आधी एक चक्कर पाहिजे, आणि गुलबानोला शेजारी दाटून बसवणार आहेत. तरी येत्या बाजारी मुनवरचाचांना जेवायला बोलवा आणि तुमच्या कोर्टकज्जाची हकिकत पहिल्यापासून सांगा, म्हणजे आमची चक्कर होईपर्यंत ते उठायचे न्हाईत.

पुन्हा ता. क. डॉक्टरांना इतक्यात हो म्हणू नको, असंही फरिदाबींनी बजावलंय. मुनवरचाचांचं काय करायचं ते त्या बघतील, मी फक्त पेट्रोल भरून यायचं.