ज्येष्ठमधाची डबी

डोंबिवली, ९ फेब्रुवारी १९८८, संध्याकाळ

ह्यांचं प्रेशर पुन्हा चढलेलं आणि पायांवर सूज आलेली पाहून डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्यांशिवाय दुसरं काही औषध चालू आहे?" मी "नाही" म्हणाले. खोटं बोलतेय असं वाटलंच नाही. ज्येष्ठमध काय औषध आहे? आईच्या पितळी डबीतला तो. मी कॉन्व्हेंट शाळेत असताना, गाण्याचा तास असला की ती सकाळीच त्याची काडी माझ्या खिशात घालायची.

हेच म्हणाले, "खोकल्यासाठी ही दोन महिने रोज दोनदा ज्येष्ठमधाचा काढा पाजते, तो धरायचा का?"

डॉक्टरांनी पेनच खाली ठेवलं. खोकल्याला चार दिवस ठीक, पण दोन महिने रोज घेतला तर प्रेशर वाढतं, पायांवरची सूजही त्याचीच असू शकते. काढा बंद, पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी.

रिक्षात हे म्हणाले, "अगं, गोड होता म्हणून मीही मागत राहिलो." खोकला तर संक्रांतीलाच थांबला होता. मग मी कशाला उकळत राहिले? ह्यांच्यासाठी, की घरभर आईचा वास यायचा म्हणून?

डबी धुऊन पालथी घातली. सात वाजता हे सवयीने पेला घेऊन आले. मी नुसतं गरम पाणी ओतलं. एक घोट घेऊन माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "गोड झालंय."