तौफीकला उद्या फोर्कलिफ्टवर बसवू नये

प्रति,
श्री. मोरेश्वर टिपरे साहेब,
मनुष्यबळ अधिकारी, मुख्य कार्यालय, शर्क.

विषय : श्री. तौफीक मुकादम, चालक, गोदाम क्र. ३, यांना उद्या सकाळी सहाच्या पाळीतून उतरवून ऑपरेशनसाठी रजा देणेबाबत.

संदर्भ : सोमवारी आपण परत पाठवलेला रजेचा फॉर्म व त्यावर लाल शाईत लिहिलेले "परकार, आता पुरे".

महोदय,

१. अर्जदार अशरफ परकार, स्टोअरकीपर, राहणार मंगफ. गेल्या जानेवारीत अर्जदाराने शेजारी यासिर याच्याशी बिल्डिंगच्या जिन्यात एक पैज लावली. तौफीक त्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतो. त्याची मान जन्मापासून आखूड, उजवा खांदा वर चढलेला, आणि मागे बघायचं तर माणूस कमरेपासून अख्खा फिरतो. त्याला सगळे 'कपाट' म्हणतात. हे नाव अर्जदारानेच ठेवलं. यासिर म्हणाला, "कपाट यंदा फिटनेसला नापास." अर्जदार म्हणाला, "पास. हरेल त्याने बायकोचा एप्रन बांधून अख्ख्या बिल्डिंगला पापलेट-भात वाढायचा."

२. ती तपासणी कशी होते हे साहेबांना माहीत आहेच. माणसाला स्टुलावर बसवतात, नर्स मागे उभी राहून बोटं दाखवते, खांदा न हलवता मान वळवून किती ते सांगायचं. त्या दिवशी अर्जदार समोरच्या रांगेत फाईल घेऊन उभा होता. नर्सने दोन बोटं दाखवली, अर्जदार दोनदा खोकला, तौफीक "दोन" म्हणाला. चार दाखवली, चारदा खोकला. नर्सने अर्जदाराला गरम पाणी पी म्हणून सांगितलं. तौफीक पास झाला, यासिरने एप्रन बांधला, आणि अर्जदाराने तीन पापलेटं खाल्ली. तौफीकच्या फाईलमध्ये 'मानेची हालचाल सामान्य' असं जे लिहिलंय, ते अर्जदाराच्या खोकल्यावरून लिहिलंय.

३. ऑक्टोबरपासून तौफीकच्या हातातून चहाचा कप सुटायला लागला. त्याची बायको झुलेखा सांगते, शर्टाचं बटण तीच लावते. गाडी रॅम्पवरून उतरताना दणका बसला की मानेपासून पायापर्यंत करंट जातो. तो अर्जदाराला म्हणाला, "अश्रफभाय, पाय माजा हाय का दुसऱ्याचा, तेच कलत नाय." अर्जदार हसला. त्याला वाटलं, कपाट पण आता मस्करी शिकलं.

४. गेल्या शनिवारी झुलेखाने त्याला हॉस्पिटलात नेलं. सोबत अर्जदार होता. डॉक्टरांनी फोटो दाखवून समजावलं : मानेचे मणके आईच्या पोटातच एकमेकांना चिकटलेले, खांद्याचं पातं खाली यायचं ते वरच राहिलेलं. चिकटलेले मणके हलत नाहीत, म्हणून खालच्या एकाच सांध्याने आजवर सगळी हालचाल सोसली. तो आता सैल होऊन सरकलाय आणि आतल्या मज्जारज्जूला दाबतोय. ऑपरेशन गुरुवार, २७ तारखेला. तोवर गळ्यात पट्टा, दणका बिलकुल नको. एक वाईट दणका बसला तर हातपाय कायमचे जातील. डॉक्टरांनी विचारलं, "याला गाडीवर बसायला पास कोणी केलं?" झुलेखाने अर्जदाराकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

५. डॉक्टरांच्या चिठ्ठीसह रजेचा फॉर्म अर्जदारानेच आपल्याकडे आणला. आपण म्हणालात, "परकार, मागे मांजरीची वार्षिक रजा मंजूर करून घेतलीस. आता माणसाची मान?" आपला राग रास्त आहे. गोदामातल्या मांजरीचा तो अर्ज खोटा होता आणि त्यावरचा शिक्का बटाट्याचा होता. हॉस्पिटलचा शिक्का बटाट्याचा नाही. साहेबांनी अर्जदारावर विश्वास ठेवू नये, डॉक्टरांना स्वतः फोन करावा. नंबर चिठ्ठीवर आहे.

६. या आठवड्यात अर्जदाराने तौफीकला रोज गाडीवरून खाली ओढून त्याच्या जागी दुसरा माणूस बसवला. परवा गुरुवारी सुपरवायझरने पकडलं. त्यांनी रविवारच्या यादीत तौफीकचं नाव रॅम्पवरच लावलंय. तो येणारच. म्हणतो, "रजेशिवाय घरी बसलो तर कामावरून पळाला म्हणून लिहितील, मग इकामा गेला, या देशात राहायचा परवानाच गेला, ऑपरेशन पण गेलं." पट्टा तो पिशवीत घालून आणणार आहे, कारण पट्टा दिसला तर नोकरी जाईल असं त्याला वाटतं.

७. सबब विनंती की, आज रात्रीच्या आत सुपरवायझरना फोन करून तौफीकचं नाव यादीतून काढावं, ऑपरेशनची रजा द्यावी आणि जानेवारीचा फिटनेस दाखला रद्द करावा. दाखल्याच्या लबाडीची जी शिक्षा असेल ती अर्जदाराच्या नावावर लिहावी. त्यात डोकं अर्जदाराने लढवलं, तौफीकने नाही. त्याला फक्त गाडी चालवायची होती.

८. खरं म्हणजे पैज अर्जदारच हरला होता. म्हणून काल शुक्रवारी नमाजानंतर बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये अर्जदाराने बायकोचा एप्रन बांधून बावीस माणसांना पापलेट-भात वाढला, आणि वाढता वाढता खोकल्याची गोष्ट सगळ्यांना सांगितली. लोक ताट धरून थांबले होते, आता मस्करी कुठे निघते म्हणून. अर्जदाराचं सांगून संपलं तरी ते थांबलेच होते. शेवटी यासिर म्हणाला, "अश्रफभाय, पुढे?" अर्जदार म्हणाला, पुढे काही नाही. मग झुलेखाने तौफीकच्या तोंडात घास दिला, आणि सगळ्यांनी माना खाली घालून जेवायला सुरुवात केली. अर्जदार वाढत राहिला.

ज्याचं आजवर काहीच खरं मानू नये असा,
पण एवढं एक मानावं अशी विनंती करणारा,
आपला नम्र,
अशरफ परकार
मंगफ, शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

सोबत :
(अ) हॉस्पिटलची मूळ चिठ्ठी व मानेचे फोटो.
(ब) खोकल्याबाबत अर्जदाराचा कबुलीजबाब, त्याखाली जेवलेल्या बावीस जणांच्या सह्या.
(क) तौफीक मुकादम यांचा रजेचा फॉर्म. सहीच्या जागी अंगठा आहे. माणूस बारावी शिकलेला आहे. पेन धरता आलं नाही.