फ्लोरा उडाली!

प्रिय इम्केताई,

घाईत लिहितेय, अक्षर गोड मानून घे. तुला पाडणाऱ्या फ्लोरा घोडीला आज मी स्पर्धेत उतरवलं! पाण्याच्या अडथळ्यापाशी ती पुन्हा बिचकली. तू शिकवलंस तसा लगाम सैल सोडला, म्हटलं, “चल गं बाई!” आणि ती जी उडाली, ताई!

तबेल्याचे मालक ट्योन्येसकाका धावतच आले. “वीब्के, आजपासून तू मुख्य प्रशिक्षक!”

“ती जागा ताईची आहे.”

“कुबड्या घेऊन ती काय शिकवणार?”

“मग मला हे शिकवलं कुणी?”

काका खो खो हसले. “उभी काय राहिलीस? जा, घेऊन ये तिला!”

हे पत्र टपालात टाकतच नाही. ते घेऊन फेर्डनला तुझ्या घरी मीच येतेय. वाचून झालं की स्वारीचे बूट पुसायला घे.

चिखलाने माखलेली,
तुझी वीब्के