परंदवडीचा बंद डबा

६ जानेवारी २०२६, मंगळवार

दुपारी लॅबमध्ये असताना कोमलचा फोन. सहा वर्षांपूर्वी लोणावळ्याला आमच्याच कॉलेजात माझी विद्यार्थिनी होती, आता लग्न होऊन परंदवडीला. तिच्या सासूबाई नंदाबाई आणि गावातल्या आठ बायका मिळून गुलाबाचं पॉलिहाऊस चालवतात. कुठल्या गादीवाफ्याला किती पाणी, ड्रिपमधून खत कधी, पाण्याचं धुकं सोडणारा फॉगर कधी, बाजूचे पडदे कधी वर घ्यायचे — हे सगळं ठरवणारा कंट्रोलर एक तारखेपासून बंद.

बिघडलेला नाही. बंद केलाय. स्क्रीनवर फक्त एवढंच : या मॉडेलची सेवा समाप्त झाली आहे, कृपया नवीन मॉडेल घ्या.

डबा यांनी विकत घेतलेला. वीज यांची, विहीर यांची, मोटार यांची. आणि तो चालायचा की नाही ते पुण्यातल्या कंपनीचा सर्व्हर ठरवणार! वीस वर्षं मी हेच बोलतोय — ज्या वस्तूला चालण्यासाठी दुसऱ्याची परवानगी लागते ती तुमची नसते, भाड्याची असते. जेवताना हे सगळं बायकोला, रजनीला ऐकवलं. ती म्हणाली, "मला काय सांगताय? तिकडे जाऊन सांगा ना."

रविवारी जातो.

१० जानेवारी, शनिवार

बॅग भरली. मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, सिरियल केबल, स्क्रू ड्रायव्हरचा संच, जुना लॅपटॉप. अकरा वर्षांचा झालाय. दोनदा रॅम वाढवली, एकदा कीबोर्ड बदलला, बॅटरी तिसरी. लिनक्सवर अजून पळतो. स्टाफरूममध्ये अतुलने नवा लॅपटॉप दाखवला — कागदासारखा पातळ, रॅम बोर्डालाच डकवलेली, बॅटरी चिकटवलेली. "किती हलका आहे बघा." हलका असणारच. दुरुस्तीची जागाच काढून टाकली की वजन कमी होतं.

११ जानेवारी, रविवार

सकाळच्या लोकलने घोरावाडीला उतरलो. कोमल स्कूटीवर न्यायला आली होती. वाटेत म्हणाली, "सर, घरी सगळ्यांना सांगितलंय की तुम्ही करताच. आता नाही झालं तर माझं काही खरं नाही."

पॉलिहाऊसमध्ये नऊ बायका आणि अठरा व्हॉल्व्ह. पहाटेपासून घड्याळ बघून हाताने फिरवताहेत. थंडी नऊ अंशांवर. परवा पडदे वर घ्यायला उशीर झाला, आत दमटपणा साचला, एका कोपऱ्यात पानांवर डावणीची बुरशी दिसायला लागली. सगळा माल चौदा फेब्रुवारीचा, परदेशात जाणारा. पंचवीस तारखेच्या पुढे तोडणी. कळी वेळेत आली नाही तर वर्षभराची मेहनत लग्नाच्या हारात जाणार.

नंदाबाई पन्नाशीच्या. डोक्याला रुमाल, हातात कटर. मी कंपनीच्या अटींबद्दल बोलायला लागलो तर म्हणाल्या, "सर, झाडाला कंपनीचं म्हननं कळत न्हाई. त्याला टायमात पानी लागतं. तुमी डबा उगडा."

त्यांचे मोठे दीर गेणूभाऊ दारातच उभे होते. जमीन त्यांच्या नावावर. "उगडू नगा. ते शील हाय त्याला. कंपनीची लोकं पोलिसात जात्याल."

"भाऊ, डबा आमी घेतलाय का त्यांनी?" नंदाबाई.

"घेतलाय तुमीच. पर शील त्यांचं हाय."

यावर माझ्याकडे तासाभराचं भाषण तयार होतं. नंदाबाईंनी कटरच्या टोकाने सीलचा कागद फाडला आणि भाषण टळलं.

आत साधा बोर्ड. बाजारात सहज मिळणारी चिप, व्हॉल्व्ह चालू-बंद करणारे आठ-आठचे रिले, आणि कोपऱ्यात चार पिना रिकाम्या. इंजिनिअरने स्वतःसाठी ठेवलेली दारं बहुतेक वेळा उघडीच राहतात. केबल लावली, डबा पुन्हा चालू केला. लॅपटॉपवर ओळी पळायला लागल्या. मेमरी तपासली, घड्याळ तपासलं. मग एक ओळ आली : अमुक नंबरचा व्हॉल्व्ह तयार नाही. इंग्रजीत. त्यात व्हॉल्व्हचं स्पेलिंग चुकलेलं. 'ए'च्या जागी 'ई'.

मी थांबलो. कोमल म्हणाली, "काय झालं सर?"

काही नाही म्हणालो. चिपमधला अख्खा प्रोग्राम लॅपटॉपवर उतरवून घेतला आणि लगेच निघालो. त्या बिचाऱ्यांना वाटलं असेल, सरांना जमलं नाही.

कारण ती चूक माझी आहे. २०१६ साली गच्चीतल्या कुंड्यांसाठी मी पाणी सोडायचा प्रोग्राम लिहिला होता. तेव्हापासून ते स्पेलिंग तसंच आहे. लाज वाटते म्हणून कुणाला सांगितलेलंही नाही.

१२ जानेवारी, सोमवार

सापडलं.

चिपमधून उतरवलेल्या फाईलमध्ये आधी माझ्या चुका शोधल्या. एक नाही, तीन सापडल्या. मग जे सापडलं ते बघून खुर्चीतून उठलोच. वाफ्यांच्या नावांची यादी असते तिथे, तळाशी, चाचणीसाठी ठेवलेलं एक नाव — RAJNI_GACCHI.

रजनीला हाक मारली. तिने चष्मा लावून वाचलं. "माझी गच्ची कंपनीच्या मशीनमध्ये काय करतेय?"

माझा प्रोग्राम मी इंटरनेटवर फुकट ठेवला होता, पण उघड्यावर टाकला नव्हता. त्याला मुक्त परवाना होता : घ्या, बदला, विकासुद्धा. मात्र पुढे कुणाला दिलात तर त्यालाही सोर्स कोड द्या, त्यालाही बदलायचा हक्क द्या, आणि मूळ लेखकाचं नाव पुसू नका. कंपनीने घेतला, नाव पुसलं, वर कुलूप घातलं आणि विकला. कुलपासकट.

राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर आधी अभिमान वाटला. दहा वर्षांत कुणी वापरलाय असं वाटलं नव्हतं. राग जेवणानंतर आला.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. कंपनीला सविस्तर ईमेल केला. सगळे पुरावे जोडले, डबा परंदवडीचा आहे आणि त्यात माझा मूळ प्रोग्राम परत घालणार हेही लिहिलं. तिळगूळ सोडून सगळं पाठवलं, म्हणाली रजनी.

१८ जानेवारी, रविवार

चालू!

आठवडाभर संध्याकाळी बसून जुना प्रोग्राम नीट केला. व्हॉल्व्हचं स्पेलिंगही. त्यांच्याच डब्यात, त्यांच्याच चिपवर माझा मूळ प्रोग्राम घातला. सर्व्हर नाही, परवानगी नाही. पॉलिहाऊसच्या आतलं वायफाय आणि कोमलचा फोन, बस. मलाही घरून बघता यावं म्हणून एक वाट ठेवली.

पहिला रिले टक् वाजला. मग दुसरा. पाइपात पाणी चढल्याचा आवाज आला आणि झुंबरबाई, गटातल्या सगळ्यांत वयस्कर, वाकून ड्रिपच्या नळीला हात लावून बघायला लागल्या. "आलं गं," एवढंच म्हणाल्या. सतरा दिवस त्या पहाटे पाचला व्हॉल्व्ह फिरवत होत्या. हाताला घट्टे दाखवले मला.

पडदे आपोआप वर गेले तेव्हा गेणूभाऊ आत आले. वर बघत राहिले. "आन कंपनी?"

म्हणालो, "त्यांच्या उत्तराची वाट बघतोय."

२१ जानेवारी, बुधवार

उत्तर आलं. मला नाही — नंदाबाईंना. व्हॉट्सॲपवर, वकिलाच्या लेटरहेडवर. सील तोडून, यंत्रातलं सॉफ्टवेअर बदलून कराराचा भंग केला, सात दिवसांत यंत्र पूर्ववत करा, नाहीतर कारवाई.

माझ्या ईमेलबद्दल एक अक्षर नाही. ज्याला कायदा कळतो त्याला सोडलं आणि जिला इंग्रजी वाचता येत नाही तिला धरलं.

कोमल फोनवर रडत होती. दोन बायकांच्या घरच्यांनी गटातून नाव काढायला सांगितलंय. गेणूभाऊ म्हणताहेत, आत्ताच्या आत्ता जुनं घाला. मी तिला म्हणालो, घाबरू नकोस. फोन ठेवून नोटीस पुन्हा पहिल्यापासून वाचली. मी लोणावळ्यात बसलोय. पोलीस आले तर परंदवडीला येतील.

२५ जानेवारी, रविवार

गटाची बैठक पॉलिहाऊसच्या शेडमध्ये. बायका, त्यांचे नवरे, गेणूभाऊ. मी सुटी टाकून शुक्रवारीच कॉलेजातल्या ओळखीने एका वकीलबाईंना भेटून आलो होतो. इरावती नाव. त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "यांनी तुमचा परवाना मोडलाय. यांना नोटीस द्यायची हिंमत कशी झाली?"

मी हे बैठकीत सांगितलं. परवाना, सोर्स कोड, हक्क, सगळं. मला कळलं की कुणालाच कळत नाहीये.

मग कोमल उठली. "समजा, मी जावेला बी दिलं पेरायला, आणि एक अट घातली. पुढं ती ज्याला देईल त्यालाही फुकट बी द्यायचं. जावेनं ते पाकिटात भरलं, आपलं नाव टाकलं, आणि विकताना म्हणाली, यातलं बी तुम्ही परत पेरायचं नाही. सरांचं तसं झालंय."

"मग चोर कोन?" गेणूभाऊ.

"कंपनी."

भाऊ म्हणाले, "मंग आमी का भ्यायचं? लिवा उत्तर. जमीन माजी हाय, माजी बी सही घ्या."

दोघी गटातून जाणार होत्या, त्या गेल्या नाहीत. उत्तरावर अकरा सह्या झाल्या — नऊ बायका, गेणूभाऊ आणि मी. झुंबरबाईंनी अंगठा नको म्हणून सही केली, पाच मिनिटं लागली, सगळे थांबले.

उत्तर इरावतीबाईंच्या लेटरहेडवर गेलं : परवाना पाळून सगळा कोड द्या, नाहीतर कोर्टात भेटू. आता लेटरहेडला लेटरहेड.

२७ जानेवारी, मंगळवार

तोडणी सुरू. कोमलने फोटो पाठवला. कळी घट्ट, दांडी साठ सेंटिमीटर. डावणी त्या एका कोपऱ्यातच राहिली.

३० जानेवारी, शुक्रवार

कंपनीचा मॅनेजर स्वतः परंदवडीला आला. मी अर्धी रजा टाकून पोचलो. पांढरी गाडी, सोबत पेढ्यांचा बॉक्स. फार गोड बोलला. गैरसमज झाला, नोटीस मागे घेतो, यांना नवीन मॉडेल मोफत बसवून देतो. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, तुमच्यासारखा माणूस कॉलेजात काय करतोय? सल्लागार म्हणून या. फक्त हे कोडचं आपण इथंच मिटवू."

क्षणभर मोह झाला, इथे खोटं कशाला लिहू. नव्या लॅबचं चित्रसुद्धा डोळ्यांसमोर आलं.

नंदाबाई फुलांच्या जुड्या बांधत होत्या. वर न बघता विचारलं, "उर्शाच्या राजेंद्रभाऊंचा डबा बी बंद हाय. त्यांना देनार का फुकाट?"

मॅनेजर म्हणाला, "ताई, प्रत्येकाचा वेगळा विषय असतो."

"न्हाई. डबा एकच हाय. विषय बी एकच हाय." जुडीवर रबर चढवलं. "सगळ्यांचं उगडा. मंग पेढं खाऊ."

मी बॉक्स उचलून मॅनेजरच्या हातात दिला. पेढे गाडीतून परत गेले.

४ फेब्रुवारी, बुधवार

जिंकलो!

सकाळी कंपनीच्या संकेतस्थळावर सोर्स कोड आला. संपूर्ण. वर मूळ लेखक म्हणून माझं नाव. खाली सूचना — जुन्या मॉडेलच्या सर्व ग्राहकांसाठी सर्व्हरची अट काढून टाकणारं अपडेट, विनामूल्य. मावळातल्या किती पॉलिहाऊसमध्ये ते डबे आहेत मला माहीत नाही, पण दुपारपर्यंत उर्से, सोमाटणे, पवनेच्या खोऱ्यातून कोमलला फोन येत होते, अपडेट कसं घालायचं म्हणून. ती सगळ्यांना सांगत होती. माझ्यापेक्षा सोपं सांगते.

स्टाफरूममध्ये अतुलने सगळ्यांना चहा पाजला. रजनीने गच्चीत जाऊन कुंड्यांना हाताने पाणी घातलं. म्हणाली, "आज मी मालकीण आहे."

८ फेब्रुवारी, रविवार

शेवटची गाडी गेली. थंड पेट्यांतून गुलाब मुंबईच्या विमानतळाकडे. गेणूभाऊंनी गाडीला हात लावून नमस्कार केला. मला एक जुडी दिली. "हे बारकं हाय, भाईर चालत न्हाई. घरी न्या." रजनीने ते बारकं चांगल्या फुलदाणीत लावलंय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

लॅबमध्ये बसून सहज पॉलिहाऊसचे आकडे उघडले. दुपारी आर्द्रता फार उतरलेली. इथूनच फॉगर दहा मिनिटं चालवला. आकडा सरसर वर आला. वीस मैलांवरून! मुलांनाही दाखवलं. यंत्र कसं असावं ते असं.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून पासवर्ड चुकीचा येतोय. चारदा टाकला. कोमलला फोन केला.

"सर, काल गटानं बदलला. गुरुवारी सकाळी आम्ही औषध फवारलं होतं. तुम्ही फॉगर लावला, सगळं धुऊन गेलं. झुंबरबाई आत होत्या, भिजल्या. सासूबाई म्हणाल्या, चावी आपल्याकडंच राहू दे. तुम्हाला बघायचं असेल तेव्हा विचारा, उघडून दाखवू."

मी माफी मागितली. फोन ठेवून पासवर्डचा चौकोन बंद केला. दीड महिन्यात त्या बायकांनी आपला डबा दोनदा सोडवला. दुसऱ्यांदा माझ्याकडून.