अंबर लागलेला शर्ट

मी, कोपऱ्यावरच्या लाँड्रीची मालकीण, जिला सगळी गल्ली लाँड्रीकाकू म्हणते, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, चष्मा लावून, स्वखुशीने लिहून ठेवते. कुणी माझा हात धरलेला नाही, आणि धरू पाहील त्याची खैर नाही. हृदय थकलंय, पण डोकं ठिकाणावर आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

एक. दुकान, मागच्या दोन खोल्या आणि वरची खोली ही माझी स्वकष्टार्जित मालमत्ता आहे. दुकान, धुलाईची यंत्रं, इस्त्रीची टेबलं आणि मागच्या खोल्या माझ्या मुलाला मिळाव्यात. तो कष्टाळू आहे, फटकळ आहे. फटकळपणा त्याने माझ्याकडूनच उचललाय, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही.

दोन. वरच्या खोलीत राहणाऱ्या अत्तरवाल्या बाईंना त्यांच्या हयातीपर्यंत तिथे राहण्याचा हक्क राहील. मुला, हे कलम तुझ्यासाठी आहे. परवा जिन्यात, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तू म्हणालास, "आई गेली की ही वरची पहिली बाहेर." मी आत कपडे निवडत होते. बाई वर गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्या दिवशी वरून धुपाचा वास आला नाही. तेव्हाच मी हा कागद करायचं ठरवलं.

बाई कोण, हे तुला ठाऊक आहे, पण अर्धंच. उरलेलं लिहिते, म्हणजे माझ्यामागे कुणी पदरचं घालायला नको. तेव्हा मी त्यांना "ती" म्हणायची, इथेही तसंच लिहिते.

आमच्या धंद्यात कपडा पाण्यात टाकायच्या आधी कॉलर हुंगावी लागते. घाम, तेल, तंबाखू, ज्याची त्याची धुलाई वेगळी. तुझ्या वडिलांचे शर्टही मी तसेच हुंगायची. मग त्यांच्या कॉलरींना ऊद, धूप आणि अंबर यांचा असा उग्र वास येऊ लागला की माझं डोकं उठायचं. बाजारात अत्तराचं दुकान चालवणारी बाई एकच होती, त्यामुळे विचारायची गरज नव्हती. गरम पाणी, दुप्पट साबण, आणि घातला वाळत. आतून मात्र धुमसत होते. बाई, मी तुमचा मनापासून तिरस्कार केला. हे तुमच्यासमोर वाचलं जाणार आहे, म्हणून स्पष्टच लिहिते.

तुझे वडील वारल्यावर काही दिवसांनी ती दुकानात आली. हातात त्यांचा शर्ट, नीट घडी घातलेला.

"हा तुमच्याकडे असायला हवा," ती म्हणाली.

शिव्या द्यायला मी तोंड उघडलं. पण हातांनी सवयीने शर्ट उलगडला, कॉलरीला नंबराची चिठ्ठी टाचली, पावती फाडली, आणि तोंडातून निघालं, "गुरुवारी या." इस्त्रीवाले मामा आ वासून बघत राहिले आणि टेबलावर कुणाची तरी चादर जळली.

आणि ती गुरुवारी पावती घेऊन आली हो! शर्ट मी धुतलाच नव्हता. कॉलर हुंगली तर अंबराच्या खाली ते होते. साबणात घालायला हात धजला नाही. म्हटलं, "अजून झाला नाही. पुढच्या गुरुवारी बघा." पुढच्या गुरुवारीही तेच. तिला सगळं कळत होतं. पण समोरासमोर बसायला आम्हा दोघींना दुसरं निमित्तही नव्हतं.

एकदा तिने माझ्या मनगटाला अत्तराची काडी टेकवली. मी हात झटकला.

"शी! नुसता धूर आहे मेला!"

"आत्ता धूरच आहे, ताई. पुसू नका. संध्याकाळी हुंगा."

संध्याकाळी शटर ओढताना हात नाकाजवळ आला. धूर कुठल्या कुठे गेला होता. उरलं होतं काहीतरी उबदार, गोडसर, उन्हातून नुकत्याच काढलेल्या लोकरीसारखं. मी स्टुलावर बसून ढसाढसा रडले. ते गेल्यापासून पहिल्यांदाच.

अंबर असा आवडला. ऊद आवडायला वेळ लागला, धुपाशी तर मी वर्षभर भांडले. आता वरून धूर आला नाही तर मला चैन पडत नाही. रस्ता रुंद करताना तिचं राहतं दुकान पाडलं तेव्हा मीच म्हटलं, वर या. लोक काय म्हणायचं ते म्हणाले.

तीन. मुलाने बाईंना खोलीतून काढण्याचा प्रयत्न केल्यास दुकान इस्त्रीवाल्या मामांना जाईल. ज्याला काही मिळू शकतं त्याने साक्षीची सही करू नये, असं वकील म्हणाले. त्यामुळे सही करायला मिळाली नाही म्हणून मामा रुसले आहेत.

चार. माझी जुनी कोळशाची इस्त्री शेजारच्या बेकरीवाल्याला द्यावी. वरच्या धुपाने पावाला वास लागतो, अशी त्याची कायमची ओरड. त्याचा पाव करपतो तेव्हा आम्ही कधी नाक मुरडलं का? दाराला टेकण म्हणून तरी वापरील.

पाच. मला नेताना नेसवायची सुती साडी इस्त्री करून कपाटात ठेवली आहे. तिला अत्तर बाईंनीच लावावं, हात आखडता घेऊ नये. मुला, तुला तो वास सोसणार नाही. तरी संध्याकाळपर्यंत थांब.

सहा. त्याच कपाटात, त्याच कप्प्यात, नंबराच्या चिठ्ठीसकट एक पुरुषी शर्ट आहे. तो न धुता, पावती दाखवणाऱ्याच्या हवाली करावा. बाई, तुमचा शर्ट तयार आहे. आता गुरुवारची वाट बघू नका.

लिहून देणार: लाँड्रीकाकू (सही)

आमच्यासमोर, वाचून, सही केली:
१. डॉक्टर, दाखला देणारे (सही)
२. समोरचे घड्याळदुरुस्तीवाले (सही)

ठिकाण: लाँड्रीच्या मागची खोली
दिनांक: आजचा, गुरुवार