तुमच्या अक्षरातला एक जून

प्रिय अण्णा,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला पत्र लिहावं असं मला एकदाही वाटलं नव्हतं. ज्याला उत्तर देता येत नाही त्याला कशाला लिहायचं? पण आज मंठ्याच्या वकिलाशी भांडून आले आहे. बॅगेत सही न केलेलं ॲफिडेव्हिट आहे, आणि ज्यांना जाब विचारायचा ते तुम्ही भिंतीवर हार घालून हसताय. मग लिहिण्यावाचून दुसरं काय करू?

सगळं सुरळीत चाललं होतं हो! कॅनडात नर्स म्हणून काम करायचं तर आधी तिथल्या कौन्सिलचं लायसन लागतं, हे तुम्हाला माहीत होतं. शाळेतला जुना नकाशा आणून त्यावर बोट ठेवून कॅनडा तुम्हीच दाखवला होतात. इंग्रजीची परीक्षा मी दोनदा दिली. जालन्याच्या दवाखान्यातलं अकरा वर्षांच्या कामाचं पत्र पाठवलं, शिकताना कुठल्या वॉर्डात किती तास काढले त्याचा तक्ता पाठवला. अकरा वर्षं सलाईन लावणाऱ्या बाईला नर्सिंग येतं की नाही, हे ठरायला दीड वर्ष गेलं. तरी म्हटलं, असू दे. इथे वीस खाटांना मी एकटी असते आणि पेशंटचे नातेवाईक अजून "ए सिस्टर" म्हणून हाक मारतात. तिकडे निदान नावाने बोलावतील.

मग त्यांनी जन्माचा दाखला मागितला.

ग्रामपंचायतीत जुनी नोंद सापडली. दाखला हातात आल्यावर मी काय बघितलं? माझं नाव बघितलं, तुमचं नाव बघितलं आणि शिक्का बघितला. आपल्याकडे कागद मिळाला की आधी शिक्का बघतात, तशी मीही. दवाखान्यात इंजेक्शनच्या बाटलीवरची तारीख तीनदा वाचणारी मी, स्वतःच्या दाखल्यावरची तारीख एकदाही वाचली नाही! तसाच स्कॅन करून पाठवून दिला.

आठ दिवसांनी मेल आला. पासपोर्टवर एक जून आहे आणि जन्माच्या दाखल्यावर सोळा नोव्हेंबर. या दोन्ही व्यक्ती एकच आहेत का, ते कळवावे.

काय कळवू, अण्णा? आमच्याकडे शाळा जूनमध्ये उघडते, असं कळवू? की पोराला हाताला धरून आणणारा बाप तारीख विचारली तर "पोळ्याच्या आदल्या दिशी, हिरीला पाणी लागलं त्या साली" असं सांगतो, आणि तुमच्यासारखे गुरुजी मनातल्या मनात सहा वर्षं मागे जाऊन एक जून लिहितात? तुम्ही स्वतःसुद्धा एक जूनचेच. एकतीस मेला तालुक्यातले निम्मे गुरुजी एकदम रिटायर झाले, मांडवात हार कमी पडले, तेव्हा तुम्ही माईकवर म्हणाला होतात, "आम्ही सगळे जुळे भाऊ. आमची आई झेडपीची शाळा." सगळ्यांत जास्त मी हसले होते. आता मात्र हसू येत नाही.

आणि "कागद पक्का पाहिजे" असं उठता-बसता कोण म्हणायचं? माझ्या दहावीच्या मार्कशीटपासून सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत, नाडी बांधून, कपाटाच्या वरच्या कप्प्यात कोण ठेवायचं? पक्का कागद तुमचा, आणि मुळातच तारीख कच्ची!

परवा शाळेत गेले. आता शोभाताई मुख्याध्यापिका आहेत, तुमच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं. पानभर एक जून, एक जून, एक जून. कुठे खाडाखोड नाही, शाई फुटलेली नाही.

"अख्खं गाव एकाच दिशी जन्माला घातलंय बघा गुरुजींनी," शोभाताई म्हणाल्या. "मी बी त्यातलीच."

माझी ओळ सापडली. तुमचं अक्षर बघून मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. रजा टाकून मी तीन दिवस जालना-मंठा करत फिरत होते, आणि तुमचा तो 'एक' किती सुबक, किती निवांत!

ती तारीख बदलायची म्हटलं तर आधी शिक्षणाधिकारी, मग दहावीचं बोर्ड, मग नर्सिंगची नोंदणी, मग आधार, मग पासपोर्ट. त्यातच वर्ष जाईल. इंग्रजीचा निकाल दोनच वर्षं चालतो आणि माझा पुढच्या महिन्यात संपतो. तो संपला की सगळं पहिल्यापासून. शेवटी मेल पाठवणाऱ्या कौन्सिलच्या बाईंनीच एक वाट काढून दिली. शाळेच्या रजिस्टरची नक्कल पाठवा, आणि तारीख वेगळी का पडली ते शपथेवर लिहून द्या, म्हणाल्या.

वकिलांनी पाच मिनिटांत टाईप करून दिलं. मी वाचलं. या वेळी नीट वाचलं बरं का! "अर्जदाराच्या वडिलांच्या अज्ञानामुळे चुकीची जन्मतारीख नोंदविली गेली."

मी म्हटलं, "माझे वडील शिक्षक होते."

"ताई, सगळे असंच लिहून देऊन राह्यले. बिलकुल चालतं. गुरुजी थोडेच येनार हायेत वाचायला?"

मग मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. तुमच्यासमोर तसं कधी बोलले नसते. रांगेतली दोन माणसं वळून बघायला लागली, तशी कागद उचलून सही न करता निघून आले.

घरी आले तर आई अंगणात सुपात मूग पाखडत होती. तिला सगळं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

"अज्ञान? कुनाचं अज्ञान? तुळशीच्या लग्नाला झाली तू. हातातला ऊस टाकून हेच सुईनीला आणाया पळत गेल्ते. त्यांना म्हाईत नसंल व्हय?"

"मंग एक जून कशाला लिहिलं?"

"तुझ्यापायी! रोज सायकलीमागं मारुतीच्या पारापर्यंत बोंबलत जायची. शाळेला साडेपाच महिने कमी पडून राह्यले व्हते. एक दिवस घेऊन गेले अन् आले लिहून. त्या रोजी जेवले न्हाई. म्हणले, बाकीच्यांचं अंदाजानं लिहितो. हिचं म्हाईत असून लिहिलं."

अण्णा, तो दिवस मला आठवतो. गोणपाटावर पुढच्या रांगेत बसले होते. तुम्ही इतरांसारखंच मला विचारलंत, "नाव? वडिलांचं नाव?" आणि मी म्हटलं, "गुरुजी." सगळा वर्ग हसला, तुम्हीही हसलात. मग खाली बघून लिहीत राहिलात. घरी येऊन तुम्ही जेवला नाहीत, हे मला आज कळतंय. तीस वर्षांनी!

का नाही सांगितलंत? दर तुळशीच्या लग्नाला, का ते न सांगता, माझ्या हातावर पेढा आणि उसाचं कांडं ठेवायचात, तेव्हा सांगता आलं नसतं? मी काय ओरडले असते? बरं, ओरडले असते. पण दाखला तरी नीट वाचला असता!

वकिलांना लगेच फोन केला, खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "'माहीत असून' असं लिहू नका. तिकडं त्याला फसवणूक म्हणतेत. अज्ञान लिहा, जल्दी काम होईल." म्हणजे तुम्हाला अडाणी ठरवलं तर मी कॅनडात, आणि खरं लिहिलं तर दीड वर्ष पाण्यात. हा कसला न्याय आहे?

दुपारभर चिडचिड केली. आईवर केली, फोटोवर केली. मग नोकरीचं पहिलं वर्ष आठवलं. एका पेशंटचं इंजेक्शन द्यायला मला दोन तास उशीर झाला होता. केसपेपरवर ठरलेली वेळच लिहून टाकावी, असं मनात आलं. घाबरून तुम्हाला फोन केला. "जे झालं तेच लिही," एवढंच म्हणालात आणि फोन ठेवलात. मी लिहिलं. मेट्रनने चारचौघांत झापलं. पुढे कॅनडासाठी माझं पत्रही त्याच मेट्रनने दिलं. तुम्ही तेव्हा किती कडक वाटला होतात मला! ते तुम्ही स्वतःलाही सांगत होतात का हो?

तर आता ऐका. उद्या दहा वाजता मी मंठ्याला जाणार आहे. मजकूर मीच लिहिला आहे. माझ्या वडिलांना माझी खरी जन्मतारीख माहीत होती. मला शाळेत जायचं होतं, मी रोज रडायचे, म्हणून त्यांनी मला साडेपाच महिन्यांनी मोठं लिहिलं. त्याच शाळेत शिकून मी पुढे नर्स झाले. हे वकिलांनी टाईप केलं नाही तर दुसरा वकील गाठीन. कौन्सिल नाही म्हणाली तर परीक्षा तिसऱ्यांदा देईन. तुमच्या नावाने बोटं मोडीन, पण देईन. 'अज्ञान' हा शब्द मात्र तुमच्या नावापुढे येऊ देणार नाही. आणि रजिस्टरातली माझी ओळ बदलायचा अर्ज मी कधीच करणार नाही. ती तुमच्या अक्षरात तशीच राहील.

सही करून आले की तुमच्या नावाने पान वाढीन. त्या दिवशीचं जेवण राहिलंय तुमचं. ते जेवून घ्या.

तुमची हट्टी,
सविता
(जन्म तुळशीच्या लग्नाचा, शाळेत एक जून)