धाकट्याने केलेला गोड चहा

मी, या दुकानाचा थोरला शिंपी, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत करून ठेवतो. शरीर शवागारात आहे. शुद्धीत आहे ती माझ्या मनाची प्रत, कापणीच्या टेबलावरच्या डबीत. प्रतीचा शब्द कायदा मानतो तो फक्त सही झालेल्या मृत्युपत्रात, आणि सही झाली की प्रत बंद. म्हणजे मला पुन्हा एकदा मरायचं आहे.

१. मला चहातून विष दिलं गेलं. घरात चहा सून करते, म्हणून पोलिसांनी तिलाच उचललं. एवढं डोकं माझ्या इस्त्रीलाही आहे.

२. छडा लावला समोरच्या चौकशी मावशीने. तिच्या नाक खुपसण्याला मी जन्मभर नावं ठेवली, ती सर्व या कलमाने परत घेतो. कपाचा तळ बघून ती म्हणाली, "यात साखर आहे. सून तुम्हाला साखर देईल होय?" मधुमेह झाल्यापासून सुनेने मला साखरेचा दाणा दिलेला नाही. घरात हे माहीत नव्हतं ते एकट्या धाकट्या भावाला. वडिलांच्या कात्रीवरून आमचा अबोला, मधुमेहाच्याही आधीचा. त्याने आपले जुन्या सवयीने दोन चमचे घातले.

३. घर मी सुनेच्या नावावर करणार, ही कुणकुण त्याला लागली होती. मी प्रत काढून ठेवलीय, हे मात्र कळलं नाही. अबोल्यात सांगणार कोण?

४. घर, दुकान आणि शिलाईची यंत्रं सुनेला. माझा मुलगा गेला तरी ती मला सोडून गेली नाही. माझं भिंग मावशीला, तिला गरज नसली तरी. वडिलांची कात्री धाकट्याला. तुरुंगात ती देणार नाहीत, म्हणून तो सुटेपर्यंत इथेच खिळ्याला असेल. घे बाबा एकदाची.

५. इन्स्पेक्टरने विचारलं, मधुमेही माणूस गोड चहा कशाला पिईल? धाकट्याने स्वतःच्या हाताने करून आणला, तर पिईल. वर छान झालाय म्हणेल. माझी प्रत आदल्या दिवशीची, त्यामुळे मला त्यातलं काहीच आठवत नाही. आम्ही काय बोललो, इतक्या वर्षांनी तो मला 'दादा' म्हणाला का, हे जाणून घ्यायला माझा जीव तुटतोय. इन्स्पेक्टर त्याला उद्या सकाळी माझ्यासमोर आणणार आहे.

पण सही आज झाली तर सून आज घरी येते. कोठडीत तिला आणखी एक रात्र नको, म्हणून सही आत्ताच करतो. उद्या धाकट्याने ते या रिकाम्या डबीला सांगितलं तरी चालेल.

साक्षीदार: १. चौकशी मावशी २. माझी साखर बंद करणारे डॉक्टर
स्थळ: कापणीचं टेबल
दिनांक: मी गेल्याच्या पाचव्या दिवशी, दुपारी
सही (आवाजाने): दादा